कोकण किनारा शिडाच्या बोटीने, मग थेट मालदीव: किनारा किती शिकवतो?

शिडवाला

थेट मुद्द्यावर येतो. जानेवारीअखेर मुंबईहून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने उतरायचं आणि फेब्रुवारीच्या शेवटी गोव्याहून मालदीवचं उत्तरेचं टोक, म्हणजे उलिगन गाठायचं, असा बेत आहे. बोट ३२ फुटी, एका डोलकाठीची. पुढचं शीड दोरीने गुंडाळता येतं. कील (बोटीच्या तळाखालचं वजनी पातं) धरून पाण्याखाली दीड मीटरहून थोडी जास्त. माणसं तीन: मी, बायको आणि कॉलेजपासूनचा एक मित्र. मुंबई बंदरात शर्यती केल्यात, मांडवा-अलिबाग नेहमीचंच. पण जिथून किनारा दिसत नाही आणि रात्र झाली म्हणून नांगर टाकता येत नाही, अशा पाण्यात तिघांपैकी कुणीच गेलेलं नाही.

टप्पे असे धरलेत: मुंबई, मुरूड, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, गोव्यातलं आग्वाद. सगळा रस्ता साधारण सव्वादोनशे सागरी मैल, एकेक टप्पा अठरा ते चाळीस मैलांचा. आमच्या बोटीला पाच नॉटचा (ताशी पाच सागरी मैल) वेग मिळाला तरी आम्ही खूश असतो, म्हणजे प्रत्येक टप्पा एका दिवसात बसतो. गोवा ते उलिगन मात्र जवळपास पाचशे मैल. चार-पाच दिवस, वारा पडला तर सहा.

मित्राचं म्हणणं, किनारा हाच सराव. बायकोचं म्हणणं, किनारा म्हणजे खडक, जाळी आणि बार्जेस. त्यापेक्षा सरळ पन्नास मैल बाहेर पडू आणि तिथून दक्षिणेला वळू. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे घरात माझी किंमत शून्य आहे. जाणकारांनी लिहावं.

भांगउधाण

वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, तरी किनाऱ्यानेच जा. कारण सांगतो.

आधी वारा. जानेवारी-फेब्रुवारीत कोकणात वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई सुटतो, हलका आणि कोरडा, नऊ-दहा वाजेपर्यंत टिकतो. मग वारा पडतो, पाणी तेलासारखं होतं, शिडं फडफडतात आणि सगळे चिडतात. एक-दीडच्या सुमाराला वायव्येकडून खारा वारा भरतो, चारपर्यंत बारा-पंधरा नॉट, कधी त्याहून जास्त, आणि सूर्य बुडाल्यावर बसतो. दक्षिणेला उतरणाऱ्याला दोन्ही वारे सोयीचे. पहाटे चार-साडेचारला मतलईवर निघायचं, दुपारचा थोडा वेळ इंजिन, मग वायव्येवर सुसाट.

आता गोम बघा. तुम्ही पोचणार दुपारी तीन-चारला. म्हणजे वारा सगळ्यात जास्त असतो तेव्हा, आणि तो तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलत असतो. आपली बंदरं म्हणजे बहुतेक खाड्यांची मुखं. मुखाशी वाळूचा दांडा. दाभोळला वाशिष्ठीच्या तोंडाशी ओहोटी लागलेली असताना बघा एकदा: नदीचं गढूळ पाणी जोरात बाहेर येतंय, वायव्येचा वारा आणि लाट आत जातेय, आणि दांड्यावर दोघांची गाठ पडते तिथे लाटा पुढे सरकतच नाहीत, जागच्या जागी उभ्या राहून फुटतात. बोटीची मागची बाजू उचलली जाते, सुकाणू हवेत, चाक हातात गरगर फिरतं आणि बोट आडवी व्हायला बघते. ही काही वादळाची गोष्ट नाही, निरभ्र जानेवारीतली आहे. भरतीचे शेवटचे दोन तास धरून शिरलात तर त्याच जागी काही जाणवणारही नाही.

म्हणून टप्पे आखताना आधी तिथी बघा, मग अंतर. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ कमी. पुनव-अमावास्येला उधाण. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, गोव्यापर्यंत तो दोनच्या आसपास येतो. म्हणजे उत्तरेकडचे पहिले दोन-तीन टप्पे भांगाच्या दिवसांत बसवलेत तर निम्मी डोकेदुखी गेली.

मुक्कामांबद्दल थोडक्यात. मुरूडला किल्ल्यासमोर थांबू नका, राजपुरी खाडीत आत, दिघीच्या अंगाला जा. हर्णै उघडं आहे, सुवर्णदुर्गाचा फोटो मस्त येतो आणि झोप अजिबात येत नाही. जयगड उत्तम, शास्त्री नदीत वळलात की लाट मागे राहते, तळ चिखलाचा आहे, नांगर छान रुततो. फक्त मोठ्या जहाजांचा मार्ग मोकळा ठेवा. रत्नागिरीला मिरकरवाडा ट्रॉलरांनी गच्च भरलेला असतो, वेळ नसेल तर तो मुक्काम गाळा. विजयदुर्गाबद्दल काय सांगावं! मराठ्यांच्या आरमाराने ती जागा उगाच निवडली नव्हती. वाघोटणच्या खाडीत गिर्येला जहाजं दुरुस्त करायची गोदी खडकात कोरलेली आहे, अजून दिसते. तिथे दोन दिवस तरी काढा.

पाचगणीचा_मासा

एक अडाणी प्रश्न. इतका सगळा त्रास बंदरात शिरण्याचाच असेल तर शिरायचंच कशाला? बाहेरच नांगर टाकून झोपलं तर?

भांगउधाण

@मासा, प्रश्न अडाणी नाही. हवा शांत असेल तर टाकतात लोक. पण दुपारी वायव्येने उठवलेली लाट वारा बसल्यावरही रात्रभर येत राहते आणि बोट या कुशीवरून त्या कुशीवर लोळते. शिवाय ट्रॉलर रात्री कुठूनही येतात. नांगरावर असल्याचा पांढरा दिवा डोलकाठीच्या टोकावर असतो, तो दुरून ताऱ्यासारखा दिसतो, कुणी लक्ष देत नाही. कोळ्यांच्या नजरेच्या उंचीवर, बूमखाली (मोठ्या शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखाली) एक जादा कंदील टांगायचा.

हर्णैकर

आमचं घराणं तीन पिढ्या तांडेलकीतलं, म्हणजे मासेमारी बोटी हाकणाऱ्यांचं, मी एकटाच आयटीत वाया गेलो. जाळ्यांवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण या रस्त्यावर खडकांपेक्षा जाळी जास्त भेटतील. खडक निदान चार्टवर असतात.

मुंबई ते श्रीवर्धनपर्यंत डोल जाळी. ती एका जागी बांधलेली असतात, ओढीच्या पाण्यात पिशवीसारखी उघडून राहतात. खुंट, बोये, कधी नुसते प्लास्टिकचे कॅन तरंगताना दिसतील. उन्हात दिसतात, पहाटे चारला नाही. म्हणून मतलईवर निघायचा सल्ला बरोबर असला तरी खांदेरीच्या अलीकडे-पलीकडे उजाडेपर्यंत किनाऱ्यापासून जरा लांब राहा आणि इंजिन बंद ठेवा. नुसत्या शिडावर असाल तर जाळं बहुतेक वेळा कीलवरून घसरून जातं, इंजिनाच्या पंख्यात गेलं की संपलं.

खाली दक्षिणेला वाहती जाळी. एका टोकाला बोट, दुसऱ्या टोकाला काठीवर बावटा नाहीतर लुकलुकणारा दिवा, आणि मधे किलोमीटरच्या किलोमीटर जाळं. दिवा दिसला म्हणजे बोट आहे असं समजून त्याच्या आणि ट्रॉलरच्या मधून जाऊ नका. बोटीवरची माणसं ओरडतील, टॉर्च हलवतील, ते शिव्या देत नसतात (म्हणजे देत असतात, पण त्यात माहितीही असते). हात ज्या बाजूला करतील त्या बाजूने जा. व्हीएचएफवर (बोटीवरच्या रेडिओवर) १६ नंबरला कुणी उत्तर देईल याची खात्री नाही, मराठीत हाक मारलीत तर मात्र लगेच बोलतात.

अडकलंच तर आधी शिडं उतरवा, मग पाण्यात उतरायचं. चाकू दातेरी हवा, साधा नायलॉनवर घसरतो. उतरणाऱ्याला दोर बांधा. आणि जाळं कापलंत तर पळून जाऊ नका राव, थांबून बोला. एका जाळ्यात किती पैसा अडकलेला असतो ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघून कळेल.

आजीची नात

तांत्रिक काही कळत नाही, पण वाचतेय. आमच्या आजीचं माहेर रेवसजवळ. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यात आजीच्या वाडीतली होती. आजी शेवटपर्यंत लाँचमध्ये बसली नाही, वडखळवरून एसटीने यायची. शिडवाला, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना काय सांगून निघणार आहात?

शिडवाला

@आजीची नात, आईला "गोव्याला चाललोय" इतकंच सांगितलंय. कशाने ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

@भांगउधाण, @हर्णैकर, दोघांचे प्रतिसाद छापून बोटीवर ठेवतोय. पण मूळ प्रश्न राहतोच. हे सगळं नीट जमलं असं धरा. मालदीवसाठी तयार झालो का?

मतलई

नाही.

आता सविस्तर. तुमच्या आखणीत प्रत्येक रात्री नांगर आहे. म्हणजे प्रत्येक रात्री झोप, गरम जेवण, आणि काही बिघडलं तर पन्नास मैलांत मेकॅनिक. खोल समुद्रात बोट हाकणं किनाऱ्यापेक्षा सोपं असतं, हे आधी कबूल करू. खडक नाहीत, दांडा नाही, जाळीही पुढे विरळ होतात. अवघड असते ती दुसरी रात्र. पहिल्या रात्री सगळे उत्साहात जागे राहतात, त्यामुळे पहाऱ्याचं वेळापत्रक मोडतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात कुणाला झोप लागत नाही, पोटात ढवळतं, स्वयंपाक कुणी करत नाही, बिस्किटांवर भागवतात. दुसऱ्या रात्री दोनच्या पहाऱ्याला जो बसतो त्याला जहाजाचा हिरवा दिवा कुठला आणि लाल कुठला यात गल्लत होते. ही अवस्था तुमच्या तिघांची कशी असते, कोण चिडतं, कोण गप्प होतं, कोणाला उलट्या होतात, ते किनाऱ्याने जाऊन कधीच कळणार नाही.

म्हणून माझी सूचना: विजयदुर्गाहून थेट मालवणला जाऊ नका. आंग्रिया बँक गाठा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे प्रवाळाचं बुडालेलं पठार, विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर. लांबी चाळीस किलोमीटरच्या आसपास. सगळ्यात उथळ जागीसुद्धा वीसेक मीटर पाणी, त्यामुळे वर काहीच दिसत नाही. बेट नाही, दीपगृह नाही. तिथे नांगर टाकायचा नाही, खाली जिवंत प्रवाळ आहे. जायचं, खोली मोजणाऱ्या यंत्रावर आकडा वर येताना बघायचा, आणि वळून आग्नेयेला गोव्याकडे निघायचं. जाताना साठ मैलांच्या आत-बाहेर, येताना शंभराच्या पुढेमागे. दोन रात्री हमखास बाहेर. मोबाईलची रेंज केव्हाच गेलेली, आणि तरी विचार बदललाच तर किनारा एका दिवसावर.

तिथे एक गोष्ट मुद्दाम करा. वारा असताना बोट थबकवून बघा: पुढचं शीड वाऱ्याच्या उलट्या बाजूला ताणायचं, मोठं शीड थोडं सैल, सुकाणू वाऱ्याकडे बांधून टाकायचं. बोट जवळपास जागेवर उभी राहते, डुलणं निम्मं होतं. मग तिघंही पोटभर वरणभात खा. दमलेल्या माणसांना 'थांबता येतं' हे माहीत असलं की अंधारात अनोळखी बंदरात शिरायचा मोह होत नाही. मालदीवची प्रवाळबेटं पाण्याबाहेर जेमतेम डोकं काढून असतात. तिथे रात्री पोचलात तर उजाडेपर्यंत बाहेरच थांबायचं, दुसरा पर्याय नाही.

भांगउधाण

मतलई, तत्त्वतः सहमत, तपशिलात नाही. फेब्रुवारीत पन्नास मैलांपलीकडे खारा-मतलईचा खेळ संपतो. तिथे उत्तरेचा-वायव्येचा जो काही वारा असेल तो, आणि कधी कधी नसतोच. ३२ फुटी बोटीत डिझेल किती मावतं? आंग्रियापर्यंत इंजिन चालवत नेलं तर शिकले काय, आवाज सहन करायला?

मतलई

वारा पडल्यावर काय करायचं हेच तर शिकतील. :) मालदीवच्या रस्त्यावर लक्षद्वीपच्या अंगाला फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा पडणारच आहे. तेव्हा डिझेल जाळायचं की बसून राहायचं हा निर्णय पहिल्यांदा तिथे घेण्यापेक्षा इथे घ्यावा.

मालवणी खाजा

मालवणात रात्रीचो येव नको हां शिडवाल्या, आताच सांगान ठेवतंय. सिंधुदुर्गाच्या भोवताली खडप आसा, काही पाण्यावर, बरेचसे पाण्याखाली. आत यायचा रस्ता चिंचोळो.

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) मालवणहून गोव्याकडे जाताना वेंगुर्ला रॉक्सच्या बाहेरून जा. लोक त्याला निवतीचं दीपगृह म्हणून ओळखतात. किनारा आणि त्या खडकांमधून जाणारे जातात, पण ते रोज जाणारे. पाकोळ्यांची घरटी असलेली गुहा तिथेच आहे, दुरूनच बघा.

सॅनहोजेकर

आमच्याकडे कॅलिफोर्नियात हाच वाद दर उन्हाळ्यात होतो. हवाईला (सुमारे एकवीसशे मैल) निघण्याआधी लोक सॅन फ्रान्सिस्कोहून खाली मॉन्टेरे, मोरो बे करत पॉइंट कन्सेप्शनला वळसा घालून येतात. बिग सरच्या किनाऱ्याला जवळपास साठ-सत्तर मैल आडोसा म्हणावा असं काही नाही, कडे थेट समुद्रात उतरतात, वर धुकं. कन्सेप्शनला तर पॅसिफिकचं केप हॉर्नच म्हणतात. आमच्या क्लबातले जुने लोक एकच अट घालतात: त्यातला एक टप्पा न थांबता, रात्रीसकट करायचा. म्हणजे मतलईंना माझा पाठिंबा.

फरक सांगायचा तर इथलं पाणी इतकं थंड की पडलात तर हातपाय लवकर चालेनासे होतात. तुमच्याकडे उलट, ऊन मारेल. कॉकपिटवर कापड ताणलंय ना? आणि दोराने स्वतःला बोटीला बांधायची सवय किनाऱ्यावरच लावा. रात्री एकट्याने डेकवर जाताना हुक अडकवलाच पाहिजे, त्यात वाटाघाट नाही.

कागदीघोडे

समुद्रातलं काही येत नाही, कागदातलं येतं.

एक, सॅटेलाईट फोन. भारतात थुराया आणि इरिडियमचे फोन परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, आणि हातात मावणारे जे सॅटेलाईट मेसेंजर परदेशातले शिडवाले सर्रास वापरतात तेही याच नियमात येतात. गोव्याच्या विमानतळावर या कारणाने परदेशी पाहुण्यांना ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्यात. अमेरिकेतल्या मित्राकडून मागवला असेल तर आधी दूरसंचार खात्याची परवानगी, मग खरेदी. संकटकाळी संदेश पाठवणारं यंत्र, ईपर्ब, मात्र हवंच, आणि ते बोटीच्या नावाने नोंदवलेलं हवं.

दोन, २००८ नंतर किनाऱ्यावर गस्त वाढली आहे. किनाऱ्याच्या सुरक्षेचा 'सागर कवच' सराव चालू असेल तर दिवसात दोनदा थांबवतील. बोटीचे कागद, सगळ्यांची ओळखपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत वरच ठेवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३.

तीन, देश सोडताना गोव्यात कस्टम्स आणि इमिग्रेशन दोन्ही करून निघायचं. शिडाची खासगी बोट बघून टेबलापलीकडचा माणूस कोड्यात पडतो. एका बंदरात मला "मालवाहू की प्रवासी?" यावर तासभर बसवलं होतं, फॉर्मवर तिसरा रकानाच नव्हता. दोन दिवस हातात ठेवा. लक्षद्वीपला वाटेत उतरायचा विचार असेल तर त्याचा परवाना वेगळा, तो न काढता "पाणी भरायला आलो" चालणार नाही.

हर्णैकर

तारखांबद्दल एक. जानेवारी निवडलात ते उत्तम. आमच्याकडे अजून फयान वादळाचं नाव काढतात, नोव्हेंबर २००९. हवा छान म्हणून बोटी बाहेर गेलेल्या, परत किती आल्या नाहीत ते विचारू नका. आणि परतीचं काय? मालदीवहून मेमध्ये परतायचा विचार असेल तर तौक्ते वादळ मेमध्येच आलं होतं, २०२१ ला. एप्रिलच्या आत या, नाहीतर बोट तिकडेच ठेवून विमानाने या.

शिवाय येताना वायव्येचा वारा तोंडावर. गोवा-मुंबई उलटं चढणं म्हणजे काय ते आमच्या आजोबांना विचारायला हवं होतं. शिडाच्या मचव्याच्या काळात मंगलोरी कौलं भरून वर यायचे. मतलईवर थोडं थोडं सरकायचं, दुपारी किनाऱ्याला नांगर टाकून पडून राहायचं.

शिडवाला

सगळ्यांचे आभार. काल रात्री तिघांनी बसून हा धागा मोठ्याने वाचला. ठरलं ते असं.

मुंबई ते विजयदुर्ग किनाऱ्याने, तिथी बघून. दाभोळ आमच्या यादीत नव्हतंच, हर्णैचा मुक्काम फक्त वारा कमी असेल तर, रत्नागिरी रद्द. विजयदुर्गाला दोन-तीन दिवस. मग आंग्रिया बँक आणि तिथून थेट आग्वाद. बायकोला हवं होतं ते 'बाहेर पडणं' तिला मिळालं, मित्राला सराव मिळाला. मालवण परतीवर. (खाजाभाऊ, दिवसाच येईन!)

डिझेल टाकीत साठ लिटर, शिवाय वीस-वीसचे दोन कॅन. आमचं इंजिन तासाला दोन लिटरच्या आसपास खातं. भांगउधाण, नियम असा केलाय: आंग्रियाच्या फेरीत कॅनला हात लावायचा नाही. वारा पडला तर शिडं उतरवून बसायचं आणि पहारे चालू ठेवायचे, तीन-तीन तासांचे. आग्वादला पोचल्यावर तिघांनी वेगवेगळ्या कागदावर 'मालदीव हो' किंवा 'नाही' लिहायचं. एक जरी 'नाही' आला तर बोट गोव्यातच राहील आणि पुढच्या मोसमात बघू.

इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा) लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा मित्राचा भाऊ रोज सकाळी बघेल. रेंज असेपर्यंत तो आम्हाला मेसेज करेल. रेंज गेल्यावर काय, यावर अजून खल चालू आहे.

भांगउधाण

कागदावरचं मतदान आवडलं. फक्त पोचल्या दिवशी घेऊ नका, एक रात्र झोपून मग घ्या. दमलेली माणसं काहीही लिहितात, दोन्ही बाजूंनी. बाकी रेंज गेल्यावरचं: साधा शॉर्टवेव्ह रेडिओ आणि बॅरोमीटर. दर तीन तासांनी, पहारा बदलताना आकडा वहीत लिहायचा. रोज सकाळी दहाला तो चढलेला आणि दुपारी चारला उतरलेला दिसेल, ते नेहमीचंच. कालच्या त्याच वेळेपेक्षा दोन-तीन मिलिबार खाली गेला तर मात्र बोटीचं तोंड किनाऱ्याकडे.

पाचगणीचा_मासा

चौथ्या माणसाची जागा आहे का? उलट्या होतात, पण वरणभात चांगला करतो.

शिडवाला

@मासा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मुंबई ते मुरूड या, मग ठरवू.